नागपूरचे ४४ आणि मुंबईचे ३३

मे महिना लागला की नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक भांडण हमखास पेटतं. नागपूरचा कुणीतरी आकडा टाकतो, आज ४४. खाली मुंबईकर लिहितो, इथे पण जीव नकोसा झालाय. लगेच नागपूरहून उत्तर येतं, "किती आहे? तेहतीस? आमच्याकडे तेहतीस रात्री दहाला असतं." मधेच पुण्याचं कुणीतरी सांगून जातं की आमच्याकडे संध्याकाळी छान वारा सुटतो. ते कुणी विचारलेलं नसतं.

गंमत म्हणजे या भांडणात दोन्ही बाजू खरं बोलत असतात. बातम्यांतला आकडा हवेच्या तापमानाचा असतो आणि अंगाला होणारा त्रास एकट्या तापमानाचा कधीच नसतो. हवेत पाण्याची वाफ किती आहे यावर घाम सुकणार की नाही हे ठरतं, कूलर चालणार की नाही हे ठरतं, कपडे किती वेळात वाळतील आणि रात्री झोप लागेल का हेही बऱ्याच अंशी ठरतं. म्हणून दोन गावांची हवा ताडून पाहायची तर आधी हवेतलं पाणी बघावं आणि पारा नंतर, असं माझं मत आहे.

पण त्या आकड्याबद्दल आधी थोडं सांगायला हवं, कारण निम्मे गैरसमज तिथेच सुरू होतात. हवामान खात्याचा तापमापक उन्हात नसतो. तो झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, सावलीत टांगलेला असतो. पेटीतून वारा खेळतो, ऊन मात्र आत येत नाही. त्यामुळे ४४ म्हणजे सावलीतले ४४. उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या पडद्यावर ४९ दिसले तर तो त्या तापलेल्या पत्र्याचा हिशेब आहे, गावाचा नाही. आणि यंत्रंही चुकतात. मे २०२४ मध्ये दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रावर ५२.९ अंशांची नोंद झाली आणि देशभर गाजली. नंतर तपासणीत तिथला सेन्सर तीन अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं. देशातला मान्य उच्चांक राजस्थानातल्या फलोदीच्या नावावर आहे, ५१ अंश, १९ मे २०१६.

आता अंगाकडे येऊ. शरीराला आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास राखावंच लागतं. बाहेर गारवा असेल तर आतली उष्णता कातडीतून आपोआप हवेत जाते. बाहेरची हवाच कातडीपेक्षा गरम झाली की हा रस्ता बंद होतो, उलट हवेकडूनच अंगात उष्णता येऊ लागते. मग उरतो एकच उपाय, घाम. घाम नुसता येऊन गारवा मिळत नाही, तो सुकावा लागतो. एक लिटर घाम अंगावर सुकला तर जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम हनुवटीवरून टपकला किंवा रुमालाने पुसला तर त्याचा जवळपास काहीच उपयोग होत नाही.

घाम सुकायचा तर त्याची वाफ हवेत मावायला हवी. ऊन वाढतं तशी ही मर्यादा झपाट्याने वाढते. २० अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ राहू शकते, ३० अंशांना ३० ग्रॅम, ४० अंशांना ५१ ग्रॅम. यातली किती टक्के वाफ प्रत्यक्षात आहे त्याला सापेक्ष आर्द्रता म्हणतात. मे महिन्यातल्या मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता ही रोजची गोष्ट. म्हणजे घनमीटरला साधारण २५ ग्रॅम वाफ. नागपूरला त्याच दुपारी ४४ अंश आणि १५ टक्के धरले, तर हिशेब नऊ-साडेनऊ ग्रॅमवर येतो. मुंबईच्या हवेत नागपूरच्या अडीचपट पाणी, आणि आणखी वाफ घ्यायला फक्त दहा-अकरा ग्रॅमची जागा. नागपूरला ती जागा पन्नास ग्रॅमहून जास्त. मुंबईत घाम सुकवणं म्हणजे ओल्या टॉवेलाने अंग पुसणं.

हे दोन्ही आकडे एकत्र करून सांगणारं एक जुनं आणि फार शहाणं माप आहे, ओल्या फुग्याचं तापमान. तापमापकाच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळायचं आणि त्यावर वारा घ्यायचा. पाणी सुकताना पारा उतरत जातो आणि एका जागी थांबतो. त्या हवेत बाष्पीभवनाने जास्तीत जास्त किती गार होता येईल, तो हा आकडा. वर धरलेल्या नागपूरच्या दुपारी हा पारा ४४वरून उतरून २३च्या आसपास थांबेल. मुंबईत ३३वरून २८वर येऊन अडकेल.

म्हणजे घामाच्या हिशेबात मुंबई नागपूरपेक्षा पाच अंशांनी तापलेली. ग्रुपवरच्या मुंबईकराने हा परिच्छेद खुशाल पुढे पाठवावा.

विदर्भात कूलर का चालतो याचं उत्तरही याच आकड्यात आहे. कूलर म्हणजे पंख्याने ओल्या गवतातून ओढलेली हवा. तो हवेला ओल्या फुग्याच्या तापमानाकडे नेतो, पूर्ण पोचवत नाही, पण चांगला असेल तर पाऊण वाटेपेक्षा जास्त अंतर कापतो. नागपूरला ४४ची हवा खोलीत २७-२८ होऊन येते. एका पंख्याच्या आणि छोट्या पंपाच्या विजेत सोळा-सतरा अंशांचा फरक! एवढ्या स्वस्तात कुठला एसी हे करून दाखवेल? म्हणून मार्च-एप्रिलमध्ये माळ्यावरून कूलर उतरवणं, जुनं गवत काढून नवं भरणं, टाकी घासणं हा तिथल्या घरांचा ठरलेला कार्यक्रम असतो. गवताऐवजी वाळा घातला तर सुगंध फुकट. तोच कूलर मुंबईला आणला तर ३३चे फार तर २९ होतील आणि त्या बदल्यात खोली इतकी दमट होईल की अंथरूणही ओलसर लागेल. बदली होऊन मुंबईला येणाऱ्या वैदर्भीय कुटुंबांनी कूलर तिकडेच कुणाला तरी देऊन टाकावा.

एक पोटसूचना. कूलर लावून खिडक्या-दारं घट्ट बंद करणारे लोक नागपुरातही भेटतात. आत आलेली ओली हवा बाहेर गेली नाही तर अर्ध्या तासात खोलीची मुंबई होते. समोरची खिडकी थोडी उघडी हवीच. जूनच्या मध्यावर मोसमी पाऊस विदर्भात पोचला की मात्र खिडकी उघडूनही भागत नाही. पारा दहा अंशांनी उतरलेला असतो, तरी कूलरसमोर बसून चिकचिक होते, कारण बाहेरचीच हवा आता ओली झालेली असते. माठाचंही तेच. मे महिन्यात नागपूरच्या माठातलं पाणी दात शिवशिवतील इतकं गार होतं, जुलैत ते नुसतं पाणी उरतं.

हवेतल्या या फरकावर उद्योगही उभे राहिले. कापसाचा धागा कोरड्या हवेत ठिसूळ होऊन तुटतो, दमट हवेत तुटत नाही. मुंबईत कापडगिरण्या वाढल्या त्यामागे बंदर होतं, भांडवल होतं आणि ही चिकट हवाही होती. जमशेटजी टाटांनी कापसाच्या मुलखात, नागपूरला, एम्प्रेस मिल काढली (१८७७), तेव्हा ज्या गोष्टीला मुंबईकर वैतागतात तीच विकत घ्यावी लागली. गिरणीत हवा ओली ठेवणारी यंत्रं बसवली गेली.

आता नागपूरकरांची बाजू, कारण वरचं गणित वाचून कुणी ४४ला हलकं समजू नये. कोरड्या उन्हाचा धोका असा की घाम येतोय हे कळतच नाही. आल्याबरोबर तो सुकतो, कपडे कोरडे राहतात आणि शरीरातलं पाणी मात्र झरझर कमी होतं. हवा अंगापेक्षा गरम असल्याने वारा लागून बरं वाटायच्या ऐवजी भाजतं. म्हणून विदर्भात दुपारी बाहेर पडणारा माणूस अंग उघडं टाकत नाही, उलट डोकं, कान, तोंड दुपट्ट्याने बांधून निघतो. मुंबईकराला ते बघूनच गुदमरायला होतं. पण बाहेरची हवा ४४ची आणि कातडी पस्तीसची असेल, तर कापडाचा थर उष्णता बाहेर अडवतो. मुंबईत हवा कातडीपेक्षा गार असते, तिथे तोच थर घाम सुकण्याच्या आड येतो. खिशात कांदा ठेवण्याचा उपयोग मला अजून कुणी पटवून दिलेला नाही. कैरीचं पन्हं मात्र खरंच कामाचं, पाणी आणि मीठ दोन्ही एका पेल्यात.

हवामान खातंही सगळ्या देशाला एक माप लावत नाही. उष्णतेची लाट आहे की नाही याचा विचार करण्यासाठी मैदानी भागात पारा किमान ४० हवा, किनाऱ्यावर ३७ आणि डोंगराळ भागात ३०. शिवाय सहसा तो तिथल्या सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी चढलेला असावा लागतो. किनाऱ्याचा आकडा तीन अंशांनी खाली का, हे एव्हाना लक्षात आलं असेल. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला भर दुपारी उघड्या मैदानावर झालेल्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी पारा ३८च्या आसपास होता. नागपुरात एप्रिलमधल्या ३८ची कुणी बातमीही करत नाही.

मुंबईत असे दिवस बहुधा मार्च-एप्रिलमध्ये येतात, मेमध्ये कमी. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकवले होते, ते इथे कामाला येतात. दिवसा जमीन लवकर तापते, समुद्र मागे राहतो, म्हणून दुपारच्या सुमारास समुद्रावरून खारे वारे सुरू होतात आणि पारा तिथेच अडवतात. पण मार्चमध्ये कधीकधी पूर्वेकडून, घाटावरून येणारी तापलेली हवा इतकी जोरात असते की खारे वारे दोन-तीनपर्यंत आत शिरूच शकत नाहीत. तेवढ्या वेळात मुंबई अडतीस-चाळीसला जाऊन येते.

किनाऱ्यावर राहायचं म्हणजे ओलीशी कायमचा व्यवहार. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे, कपाटात डांबराच्या गोळ्या, पावसाळ्यात बुटांवर पांढरी बुरशी, जुलैत खोलीभर दोऱ्या आणि पंख्याखाली चार दिवस लटकलेली जीन्स. हीच जीन्स मेमध्ये अकोल्याच्या गच्चीवर तास-दीड तासात कडक होते. कोकणात पावसाआधीच्या तयारीचा काळ म्हणजे आगोट. सुकी मासळी, मसाले, आमसुलं, लाकूडफाटा, सगळं ऊन असेतो वाळवून, भरून ठेवायचं. गोव्यात याच बेगमीला पुरुमेंत म्हणतात आणि मे महिन्यात मडगावला पुरुमेंताचं फेस्त भरतं. जून ते सप्टेंबर काही वाळणार नाही हे गृहीत धरूनच सगळं स्वयंपाकघर चालतं.

पुण्याच्या त्या वाऱ्याबद्दलही बोलू, नाहीतर रुसवा यायचा. हवेतली वाफ रात्री पांघरुणाचं काम करते. दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता आकाशाकडे टाकत असते, ती वाफ अडवते. मुंबईत ही वाफ भरपूर आणि बाजूला समुद्र, म्हणून मेमध्ये दिवसा ३३ आणि पहाटेही २७. पुण्यात मार्च-एप्रिलची हवा कोरडी, आकाश निरभ्र, गाव साडेपाचशे मीटर उंचीवर. दुपारी ३८ असले तरी पहाटे वीसच्या आसपास, म्हणजे शरीराला सावरायला वेळ मिळतो. हाच कोरडेपणा हिवाळ्यात उलटतो. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली गेला की द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात, कारण मणी तडकले तर वर्ष गेलं. तिथून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर, मुंबईत, त्याच पहाटे लोक अठरा अंशांना स्वेटर घालून फोटो काढत असतात.

दिल्लीची थंडी हा वेगळाच मामला. आकडा पाहिला तर जानेवारीत पहाटे सात-आठ अंश, म्हणजे नाशिककराला ओळखीचा. पण नाशिकला नऊ वाजता ऊन येतं आणि दुपारी अठ्ठावीस होतात. दिल्लीत धुकं बसलं तर ऊन येतच नाही, दुपारीही पारा बारा-पंधरावर रेंगाळतो. घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, फरशी दगडाची, त्यामुळे पुष्कळदा घरात बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा असतो. लोक दुपारी गच्चीत खुर्च्या टाकून बसतात ते हौसेने नव्हे. हवामान खात्याच्या परिभाषेत यासाठी थंडीची लाट आणि थंड दिवस अशा दोन वेगळ्या नोंदी आहेत. पहिली पहाटेच्या पाऱ्यावरून ठरते, दुसरी दुपारच्या.

इथे आर्द्रतेचा एक चकवा आहे. धुक्यातल्या दिल्लीत आर्द्रता ९५ टक्क्यांच्या वर असते, मुंबईपेक्षा कितीतरी जास्त. मग तिथे ओठ का फुटतात? कारण आठ अंशांच्या हवेत मुळात आठ ग्रॅमच वाफ मावते. ती सगळी भरली तरी घनमीटरला आठच ग्रॅम. म्हणजे दिल्लीच्या धुक्यात आणि नागपूरच्या मेमधल्या लूमध्ये पाण्याचं प्रमाण जवळपास सारखंच. धुक्यातली हवा श्वासातून किंवा हीटरसमोर तापली की तीच एकदम कोरडी होते आणि नाकातलं, ओठांवरचं पाणी ओढू लागते.

लेहला हे टोकाला जातं. साडेतीन हजार मीटर उंची, वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस. हवा विरळ आणि कोरडी, त्यामुळे उन्हात जॅकेट काढावंसं वाटतं आणि चार पावलं सावलीत गेलं की परत घालावं लागतं. हवेचा दाब कमी असल्याने पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ कुकरशिवाय शिजत नाही. पाऊस नाही म्हणून घरांची छपरं सपाट, भिंती मातीच्या कच्च्या विटांच्या. कोकणातल्या उतरत्या कौलांच्या अगदी उलट. शतकानुशतकं ते बरोबरच होतं. ऑगस्ट २०१०च्या ढगफुटीत मात्र ही मातीची घरं वाहून गेली.

राहिला पाऊस. त्याच्या आकड्यापेक्षा त्याचा महिना महत्त्वाचा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि घाट उतरून वाईला आलं की तो हजाराच्याही आत येतो, हे आपल्याला पाठ असतं. पण तामिळनाडूत कॅलेंडरच वेगळं आहे. जून-जुलैत मुंबईची लोकल पाण्यात अडकलेली असते तेव्हा चेन्नई घाम पुसत असते, कारण नैऋत्येचे वारे पश्चिम घाटावर बरसून कोरडे होऊनच तिकडे पोचतात. ऑक्टोबरमध्ये वारे फिरतात, बंगालच्या उपसागरावरून बाष्प घेऊन येतात आणि डिसेंबरपर्यंत चेन्नईचा वर्षातला निम्म्याहून जास्त पाऊस पडून जातो. पावसामुळे शाळा बंद, ही बातमी तिथे नोव्हेंबरची असते. तंजावरला साडेतीनशे वर्षांपासून राहणाऱ्या मराठी कुटुंबांची दिवाळी म्हणूनच ऐन पावसात येते. किल्ला आणि आकाशकंदील तिथे भिजायचेच.

आणि ज्या फटाक्यांची वात त्या पावसात सर्द होते, ते फटाके त्याच राज्यात बनतात. शिवकाशीचा परिसर पश्चिम घाटाच्या पर्जन्यछायेत, वर्षाचा बराच काळ कोरडा. फटाक्यांची दारू आणि काड्यापेट्यांची गुलं उन्हात वाळवायला अशीच हवा लागते, म्हणून तो धंदा तिथे रुजला.